मागचा पुठ्ठा

मास्तरांचा तो विनोद फार चांगला जमला होता, आणि पुढे त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते त्यानेच.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर बैठक भरली होती. लांब टेबलाच्या टोकाला ग्रंथपाल मॅडम, शेजारी हिशेबनीस, समोर बाइंडिंग विभागातला जुना बाइंडर. त्याला सगळे दाभण म्हणत. तो होताच तसा, बारीक, सरळ आणि बोलला की टोचणारा. टेबलाच्या दुसऱ्या अंगाला मास्तर, म्हणजे कॉलेजात जन्मभर संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस, आणि त्यांच्यापासून दोन खुर्च्या सोडून त्यांची धाकटी मुलगी. ती याच ग्रंथालयात देवघेव विभागात कामाला होती. थोरली लग्न होऊन लांब गेली होती. हिला घरीदारी सगळे धाकटीच म्हणत, अगदी तिचं स्वतःचं लग्न होऊन संसार थाटून झाला तरी.

प्रश्न खळीचा होता. पुस्तकाचा पुठ्ठा आणि आतली पानं जिथे जुळतात तो सांधा पुस्तक उघडून उघडून उकलत जातो. इतकी वर्षं तो बाजारच्या पांढऱ्या डिंकाने चिकटवत. डिंक वाळला की कडक होतो आणि सांधा तडकतो, अशी बाइंडिंग विभागाच्या प्रमुख बाईंची जुनी तक्रार होती. नुसती तक्रार करून गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. त्यांनी स्वतः एक खळ शिजवली. मैदा, तुरटी, किडीसाठी चिमूटभर मोरचूद, आणि वाळल्यावरही सांधा लवचीक राहावा म्हणून आणखी एकदोन गोष्टी. या बाई म्हणजे मास्तरांची बायको.

खळ डिंकाहून खरंच टिकते का हे बघायला बाईंनी तीस जाडजूड पुस्तकं निवडली. दर पुस्तकाला दोन पुठ्ठे, म्हणजे दोन सांधे. एका सांध्याला डिंक, दुसऱ्याला खळ. दोन्ही एकाच पुस्तकात, त्याच त्या वाचकांच्या हातांत. वर्षभर पुस्तकं फिरू द्यायची आणि मग कुठला सांधा किती उकलला ते पट्टीने मोजायचं. पुस्तकं वर्षभर फिरली. बाई वर्ष पुरं व्हायला राहिल्या नाहीत.

मोजायला पट्टी धरून मास्तरही बसले होते. मोजणी झाल्यावर मॅडमनी हिशेब धाकटीला करायला सांगितला. मग म्हणाल्या, "एकदा मास्तरांनाही बघू द्या, घरचाच माणूस." घरचा माणूस आहे म्हणूनच त्याला देऊ नये, हे कुणाला सुचलं नाही. मास्तरांना सुचलं होतं. ते बोलले नाहीत.

बैठकीत आधी धाकटीने आपला कागद वाचला. डिंकाचे आकडे एका रांगेत, खळीचे दुसऱ्या रांगेत, दोन्हींची सरासरी, आणि दोन वेगळ्या नमुन्यांची तुलना करायची चाचणी. खळीचे सांधे कमी उकललेत हे दिसतं, पण एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. "आत्ता तरी काही सांगता येत नाही," म्हणून तिने कागद खाली ठेवला.

मास्तरांनी चष्मा काढला. वर्गात कुणाची फिरकी घ्यायची असली की ते चष्मा काढत.

"अगं, नवरा-बायकोच्या भांडणात कोणाचा आवाज मोठा हे बघायला तू निघालीस, आणि सगळे नवरे एका खोलीत कोंडलेस, सगळ्या बायका दुसऱ्या खोलीत. आता कोण कोणाशी भांडणार?"

हिशेबनीस एवढा हसला की त्याला पाणी प्यावं लागलं. दाभणने टेबलावर थाप मारली. मॅडमनी डोळे पुसले.

"काही घरं मुळातच आरडाओरड्याची असतात," मास्तर आता रंगात आले. "काही घरांत दिवसदिवस कुणी बोलत नाही. शब्दकोश सकाळपासून संध्याकाळपर्यंत उघडला जातो, आणि जुन्या कायद्याचं पुस्तक वर्षातून दोनदा. पुस्तका-पुस्तकातलाच फरक एवढा मोठा, की खळीचा आणि डिंकाचा फरक त्यात बुडून जातो. म्हणून दर घरात जाऊन बसायचं. त्याच पुस्तकाचा डिंकाचा आकडा, त्यातून त्याच पुस्तकाचा खळीचा आकडा वजा. अशा तीस वजाबाक्या, आणि चाचणी त्यांच्यावर. याला जोडीच्या नमुन्यांची चाचणी म्हणतात. पहिल्या वर्षाची मुलंही यात चुकत नाहीत."

शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं.

बाई गेल्यापासून मास्तर कुठे बसले की त्या खुर्चीवर कुणी कोट टाकून गेलंय असं वाटे. आज ते बोलले, विनोद केला, याचंच सगळ्यांना बरं वाटलं होतं. धाकटीही थोडं हसली. मग तिने आपला कागद दुमडला, आणखी एकदा दुमडला आणि पर्समध्ये टाकला.

मास्तरांच्या चाचणीत खळ स्वच्छ जिंकली होती. मॅडमनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे सगळं बाइंडिंग याच खळीने करायचं, आणि डब्यांवर नाव छापायचं, 'बाईंची खळ'.

"छापायचं काय त्यात," दाभण म्हणाला. "आम्ही दुसरं काही म्हणतच नाही."

मास्तर घरी आले ते हलक्या पावलांनी. जिना चढताना मात्र त्यांना ते पहिल्या वर्षाच्या मुलांचं वाक्य आठवलं, आणि कुलपात किल्ली फिरवेपर्यंत तोंड कडू झालं.

कारण बैठकीत त्यांनी एक गोष्ट सांगितली नव्हती. आकडे घरी आले त्या दिवशी त्यांनी जेवणाचं टेबल पुसून त्यावर कॉम्प्युटर मांडला आणि दोन रांगा केल्या. डिंक इकडे, खळ तिकडे. हुबेहूब धाकटीसारख्या. जन्मभर जे शिकवलं ते त्या दिवशी डोक्यात आलंच नाही. चाचणी केली. उत्तर आलं, सांगता येत नाही.

मग त्यांनी दुसरी केली. एका मोठ्या नकाशांच्या पुस्तकाचा सांधा पुरता सुटला होता. तो एकच आकडा सरासरीला खेचतोय असं म्हणून त्यांनी आकड्यांऐवजी त्यांचे लहानमोठे क्रमांक लावले आणि क्रमांकांवर चालणारी चाचणी घेतली. उत्तर जरा जवळ आलं, पण नाहीच.

मग ते उठले. बाईंच्या कुंडीला पाणी घातलं. पाणी घालता घालता त्यांना आठवलं की अरे, हे तर एकाच पुस्तकाचे दोन सांधे. परत येऊन त्यांनी वजाबाक्या केल्या, जोडीची चाचणी घेतली, आणि या वेळी उत्तर आलं. रिकाम्या स्वयंपाकघराकडे बघून ते मोठ्याने म्हणाले, "आली बरं का तुझी खळ."

अहवालात त्यांनी फक्त तिसरी चाचणी लिहिली.

चाचणी चूक नव्हती. पहिल्या दिवसापासून तीच बरोबर होती, त्यांनी दुसऱ्या कुणालाही हेच सांगितलं असतं. पण हेच मास्तर वर्गात दरसाल बजावत आले होते, की चाचणी आधी ठरवा आणि मग आकडे बघा, निकाल बघून परीक्षक निवडायचा नाही. एवढ्यासाठी त्यांनी एका मुलाचा लिहून झालेला प्रबंध परत पाठवला होता. आता त्यांना स्वतःला विचारायचं होतं, आणि ते विचारत नव्हते, की पहिल्याच चाचणीत खळ जिंकली असती तर आपण तिसरीपर्यंत गेलो असतो का. कुंडीला पाणी घालायला तरी उठलो असतो का.

आणि ज्या चुकीवर बैठक हसली, ती दोन दिवसांपूर्वी त्यांच्याच टेबलावर झाली होती. पोरीने ती सगळ्यांसमोर केली, एवढाच फरक.

सुट्टीच्या दिवशी धाकटी नेहमीसारखी आली. तिने डबा आणला होता. त्यांना वाढलं, भांडी घासली, गॅसची नळी बदलायला झालीय म्हणाली. बैठकीचं नावही काढलं नाही. ती भांडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. लहानपणी ती भांडली की दाराला कडी लावून बसे आणि बाई मध्ये पडत. आता मध्ये पडायला कुणी नव्हतं.

"बोलत नाहीस," मास्तर म्हणाले.

"बोलतेय की. नळीचं बोलले ना."

तिने रिकामा डबा पिशवीत घातला. ती गेली.

त्याच आठवड्यात कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडायला लागली. पाणी जास्त होतंय की कमी हे मास्तरांना कळेना. बाईंचं एक घरातल्या झाडांवरचं पुस्तक होतं, त्यात असेल म्हणून त्यांनी ते कपाटातून ओढलं. पुढचा पुठ्ठा हातात आला आणि पुस्तक खाली पडलं.

त्यांनी ते उचललं. पुढचा सांधा पूर्ण सुटलेला. मागचा पुठ्ठा उघडून बघितला, तो गच्च होता, नव्यासारखा. बाई हे पुस्तक कायम पुढून उघडत आणि हवं ते पान मिळालं की वाचून मिटत. मागचा पुठ्ठा उघडायचं कारणच काय.

मास्तर पुस्तक हातात धरून उभे राहिले. मग त्यांनी कपाटातला शब्दकोश काढला. पुढचा सांधा उकललेला, मागचा जागेवर. रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकाचंही तेच, थोरलीच्या शाळेतल्या व्याकरणाच्या पुस्तकाचंही तेच. एकेक करता अर्धं कपाट जमिनीवर आलं आणि मास्तर त्या ढिगात खाली बसले. झाडाचं ते विसरूनच गेले.

त्या तीस पुस्तकांत डिंक पुढे होता आणि खळ मागे. तिसांतल्या एकाही पुस्तकात उलटं नव्हतं. मोजताना त्यांनी स्वतः पट्टी धरली होती आणि प्रत्येक वेळी दाभण म्हणाला होता, "पुढे डिंक, मागे खळ." ते त्यांनी ऐकलं होतं. ऐकून लिहून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच बाइंडिंग विभागात गेले. तळमजल्यावरची लांबट खोली, दाबयंत्रं, कापडाचे तागे, आणि खुंटीवर बाईंचा निळा एप्रन. तो कुणी काढला नव्हता. दाभण एका पुस्तकाच्या पाठीवर सुरी चालवत होता.

"या मास्तर. आज उजाडलं कसं इकडे?"

"दाभण, एक विचारायचंय. सगळ्या पुस्तकांना खळ मागेच का लावली?"

"म्हणजे काय? बाईंनी दाखवलं तसं." दाभणने सुरी खाली ठेवली. "पहिलं पुस्तक त्यांनी इथे, या टेबलावर, स्वतःच्या हाताने केलं. पुढे डिंक, मागे खळ. म्हणाल्या, हे असं. बाकीचं उद्या येऊन सांगते."

"मग?"

"मग त्या दवाखान्यात गेल्या ना."

दाबयंत्राचा दांडा कुणीतरी फिरवत होतं, तो कुरकुरला.

"आम्ही वाट बघितली," दाभण म्हणाला. "मग म्हटलं त्यांनी जसं करून दाखवलंय तसंच सगळं करू. आपली अक्कल नको चालवायला. एका पोरानं विचारलं होतं, कधी पुढे लावू का म्हणून. मी त्याला झापला. म्हटलं, बाईंच्या कामात हात घालतोस?" तो थांबला. "काही चुकलं का?"

"तुमचं नाही," मास्तर म्हणाले. हे पुरतं खरं नव्हतं, पण पुरतं खोटंही नव्हतं.

बाई दुसऱ्या दिवशी काय सांगणार होत्या ते त्यांना आता कळत होतं. निम्म्या पुस्तकांना खळ पुढे, निम्म्यांना मागे. एवढं साधं. बाईंनी हे त्यांना घरी जेवताना सांगितलंही असेल. त्या खूप काही सांगत, आणि मास्तर हूं हूं करत पेपर वाचत.

दुरुस्तीला आलेल्या जुन्या पुस्तकांचा ढीग कोपऱ्यात होता. त्यांचे दोन्ही सांधे डिंकाचेच होते, खळ शिजायच्या आधीचे. त्यांचा पुढचा आणि मागचा सांधा मोजला तर नुसतं पुढे असण्याने किती फरक पडतो ते कळलं असतं. मास्तरांनी पट्टी हातात घेतली. मग परत ठेवली आणि वर देवघेव विभागात गेले.

धाकटी खिडकीशी बसून परत आलेल्या पुस्तकांवर शिक्के मारत होती. समोर दोन वाचक होते. मास्तर रांगेत तिसरे उभे राहिले.

"बाबा, तुम्ही रांगेत काय उभे? आत या."

"राहू दे. उभा आहे ते ठीक आहे."

नंबर आल्यावर ते खिडकीच्या गजांपलीकडून बोलायला लागले. आधी झाडाच्या पुस्तकाचं सांगितलं, मग दाभणचं. ती शिक्का हातात धरून ऐकत राहिली.

"म्हणजे आईची खळ जिंकलीच नाही," ती शेवटी म्हणाली.

"जिंकली की हरली, काहीच माहीत नाही. कोपऱ्यातली जुनी पुस्तकं मोजायची आहेत. मी अजून एकही मोजलेलं नाही. कोणती चाचणी घ्यायची ते आधी तू ठरव आणि लिहून दे. मोज पण तूच."

"मी? माझ्यापेक्षा तर पहिल्या वर्षाची मुलं बरी."

मास्तरांनी गज धरले. मागे एक म्हातारे वाचक आले होते. ते ऐकणार हे दिसत होतं. ऐकू दे, असं मास्तरांना वाटलं. मग नको ऐकू दे, असंही वाटलं.

"घरी मी पहिल्यांदा तू केलंस तेच केलं होतं," ते म्हणाले. "दोन रांगा. मग दुसरी एक चाचणी केली. जोडीची तिसऱ्या खेपेला. सांगितली फक्त तिसरी."

धाकटीने शिक्का शाईच्या पेटीवर ठेवला.

"मला वाटलंच होतं काहीतरी."

"कसं?"

"तुम्हाला खात्री असली की तुम्ही प्रश्न विचारता. का केलंस, कसं केलंस, समोरच्याकडूनच उत्तर काढून घेता. त्या दिवशी एक प्रश्न विचारला नाहीत मला. सरळ हसवायला लागलात." ती हळू बोलत होती. "माझी चाचणी चुकलीच होती बाबा. ते तुम्ही बरोबर सांगितलंत. नंतर वाचून बघितलं मी. पण चूक दाखवायची असती तर घरी दाखवली असतीत. मला पण ती जिंकायला हवी होती. जिंकत नव्हती म्हणून दोन दिवस रडले, आणि तरी तसं लिहिलं. आणि तुम्ही..."

 मागचे म्हातारे वाचक आपलं पुस्तक उलटसुलट करून बघत होते.

"चुकलं माझं," मास्तर म्हणाले. हे शब्द त्यांनी तिला कधी म्हटले नव्हते. बाईंनाही म्हटल्याचं त्यांना आठवेना.

"हं. त्यांचं पुस्तक घेऊ द्या आता, ते खोळंबलेत."

तिने कागदाच्या चिठोऱ्यावर दोन ओळी लिहून त्यांच्या हातात दिल्या. 'जोडीची चाचणी. पुढचा सांधा वजा मागचा सांधा. एकदाच.' शेवटच्या शब्दाखाली रेघ होती.

पुस्तकं तिने मोजली. एक पुस्तकही मास्तरांनी हातात घेतलं नाही. दोन्हीकडे डिंक असूनही पुढचे सांधे मागच्यांपेक्षा उकललेले निघाले, आणि फरक जवळजवळ तेवढाच निघाला, जेवढा मास्तरांनी खळीच्या नावावर मांडला होता. खळीच्या वाट्याला काहीच उरलं नाही. चांगली ठरली नाही, वाईटही ठरली नाही.

मास्तरांनी मॅडमना बैठक बोलवायला सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "एवढ्यासाठी बैठक कशाला मास्तर? मला सांगितलंत, झालं. मी बघते काय करायचं ते." मास्तरांना मोह झाला. मॅडमच्या खोलीत पंखा हळू फिरत होता, चहा समोर होता, आणि मॅडमनी त्यांचं सगळं झाकून घ्यायची तयारी दाखवली होती.

"नको," ते म्हणाले. "त्या दिवशी हसले तेवढे सगळे समोर असू देत."

त्याच खोलीत, त्याच टेबलाशी ते बोलले. या वेळी चष्मा काढला नाही. जुन्या पुस्तकांचे आकडे सांगितले, डिंक पुढे आणि खळ मागे हे सांगितलं, आणि मग ज्याची जरूर नव्हती तेही सांगितलं. तीन चाचण्यांतली एक दाखवली, आणि धाकटीची जी चूक म्हटली ती आपण आधी केली होती. बोलताना त्यांचे कान तापले. वर्गात खोटं बोलताना सापडलेल्या मुलांचे कान असे लाल होत आणि त्यांना त्याची गंमत वाटे, हे नेमकं तेव्हाच आठवलं.

 मॅडम पेनाचं टोपण काढत होत्या, लावत होत्या. शेवटी हिशेबनीसच बोलला.

"म्हणजे मास्तर, भांडण घरात बसून मोजलंत ते बरोबर. पण दर घरात नवऱ्याला दारात उभं केलं होतं आणि बायको आतल्या खोलीत. ऊनवारा सगळा त्यालाच."

"अगदी तसंच," मास्तर म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. हिशेबनीसालाही बोलून झाल्यावर आपण बोलायला नको होतं असं वाटलेलं दिसलं. तो डब्यांच्या लेबलांकडे वळला. छापून आली होती, एक गठ्ठा चिकटवूनही झाला होता.

"लेबलं काढायची," मास्तर म्हणाले. "आणि काम परत सुरू करायचं. दर पुस्तकाला नाणं उडवायचं, छापा आला तर खळ पुढे, काटा आला तर मागे. चाचणी आजच लिहून ठेवायची. वर्षाने मोजायला मी नको, धाकटीही नको. ज्याला कुठे काय लावलंय ते ठाऊक नाही, असा कुणी."

"आणि वर्षाने खळ हरली तर?" दाभणने विचारलं.

मास्तरांनी धाकटीकडे बघितलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"तर हरली," ती म्हणाली. "आई म्हणाली असती, दुसरी शिजवते."

बैठक मोडल्यावर मास्तर दाभणबरोबर खाली गेले. लेबलं आपण काढतो, असं त्यांनीच म्हटलं होतं. फळीवर डबे रांगेने मांडलेले होते. त्यांनी पहिला डबा घेतला, लेबलाच्या कोपऱ्याखाली नख घातलं आणि ओढलं. पापुद्रा निघाला, लेबल तिथेच. ओल्या फडक्याने भिजवून बघितलं. 'बाईंची' निम्मं निघालं, 'खळ' जागचं हललं नाही.

"कशाने चिकटवलीत ही?"

"कशाने म्हणजे?" दाभण म्हणाला. "याच खळीने. समोरच होती."

दोघेही त्या डब्याकडे बघत राहिले. मास्तरांच्या तोंडावर हसू येऊ लागलं होतं, ते त्यांनी आवरलं.

"एका डब्यावरून काही ठरत नाही," ते म्हणाले.

"मी कुठं काय म्हटलं," दाभण म्हणाला आणि आपल्या पुस्तकाकडे गेला.

जरा वेळाने धाकटी जिन्यावरून खाली आली. तिने वडिलांना बघितलं, खुंटीवरच्या एप्रनकडे बघितलं, मग सिंकवर जाऊन दुसरं फडकं भिजवून आणलं. एक स्टूल ओढून ती त्यांच्याशेजारी बसली आणि दुसरा डबा पुढे घेतला.   मास्तरांच्या कानांची आग अजून गेली नव्हती, आणि ते मान खाली घालून नखाने तेच एक लेबल खरवडत राहिले.